चाचांच्या पाळीचं पाणी

आमच्या विहिरीला दोन मालक आहेत हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सासरी येऊन आठवडाही झाला नसेल. सकाळी भाकरी घेऊन मळ्यात गेले, तर इंजिन धडधडत होतं, पाटात पाणी होतं, पण ते आमच्या गव्हाकडं जायच्या ऐवजी बांध ओलांडून दुसऱ्याच्याच कांद्यात चाललं होतं. मी भाकरीचं गाठोडं टाकलं आणि पळत सासऱ्यांकडं गेले. त्यांना आम्ही मामा म्हणत असू.

"मामा, कुणीतरी आपलं पाणी तोडून नेलंय."

मामा बैलाला चारा टाकत होते. ते हसले, पण हसू मिशीतच ठेवलं. "तोडून न्हाई नेलं पोरी. आज मिस्त्रीची पाळी हाय. आपली उद्या."

आमचं गाव औंढ्याहून शिरड शहापूरकडं जाताना आत वळल्यावर लागतं. सिद्धेश्वर धरण फार लांब नाही, त्याचा कालवाही आमच्या बांधावरून दिसतो, पण तो खालच्या अंगानं जातो. खाली ऊस आणि हळद, वर आमचा माळ. त्या माळावर पाणी असलेली विहीर म्हणजे आमचीच.

मामांनी ती तरुणपणी खोदली होती. सुरुंग लावून, खडक फोडून पाणी लागलं, पण वरचा मुरूम ढासळायला लागला. बांधकाम करायची ऐपत नव्हती. बांधाला बांध असलेला शेजारी विहिरी बांधणारा गवंडी होता, म्हणून मामा त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या रानात पाणी नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, दगड मी लावतो. अर्धं पानी माझं." दोन उन्हाळे तो त्या विहिरीत उतरत होता. काळा दगड घडवून घडवून त्यानं खालपासून वरपर्यंत गोल भिंत चढवली आणि आतून वळत जाणाऱ्या पायऱ्या काढल्या. कागद वगैरे काही झाला नाही. तेव्हापासून एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा.

मी त्यांना चाचा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला चाची. चाची माझ्याशी बोलायची ती पहिल्यापासून लेकीशी बोलावं तशी. तिची लेक लांब निजामाबादकडं दिली होती आणि एक मुलगा वसमतला ट्रकवर होता. आम्ही दोघी विहिरीच्या हौदावर गोधड्या धूत असू. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि पिळता पिळता तिच्या गोष्टी चालायच्या. गावात हातपंप होता, तरी चाची स्वयंपाकाचं पाणी विहिरीचंच न्यायची. "हिच्यात तूरडाळ बघ कशी शिजती," ती म्हणायची. "एक उकळी आली की फुटली." ते खरंच होतं. माहेरी मी डाळीशी तासभर झगडत असे. इथं चुलीत दोन गोवऱ्या जळेपर्यंत वरण तयार व्हायचं.

मामा आणि चाचा रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसत. बोलणं फार नसायचं. एकजण तंबाखू मळायचा, दोघं खायचे. कधी चाचा उठून विहिरीत डोकवायचे, एखाद्या सांध्यातून पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं की पायऱ्या उतरून जायचे आणि उपटून आणायचे. मामा वरून म्हणायचे, "मिस्त्री, पाय घसरंल." चाचा खालून म्हणायचे, "माझ्या पायऱ्या मला कशा घसरतील?"

माझ्या घरात मात्र या पाळीवरून कुरबूर सुरू झाली होती. माझे दीर वयात आले होते. त्यांना ऊस लावायचा होता. उसाला एक दिवसाआडचं पाणी पुरणार नव्हतं. जेवताना ते बोलायचे, "हीर आपल्या रानात, जमीन आपली, आन पानी निम्मं. आता किती वर्सं द्यायचं? बांधल्याचे पैसे कवाच फिटले." माझे मालक दिरांचे थोरले भाऊ असून गप्प बसायचे, आणि त्यांचं गप्प बसणं मामांना जास्त लागायचं. मामा ताटात हात धुऊन उठत.

एके दिवशी मी चहा घेऊन विहिरीवर गेले तेव्हा ते चाचांना म्हणत होते, "तू तुझ्या रानात बोर घे."

चाचा म्हणाले, "काहून? तुला माझी पाळी जड झाली का?"

"मला न्हाई."

चाचांनी मामांच्या तोंडाकडं पाहिलं. मग विहिरीकडं पाहिलं. मामा म्हणाले, "मी हाय तवर कोणाची हिंमत न्हाई. पर मी किती दिवस? तुझं सोताचं पानी असलं म्हंजी मला झोप लागंल."

"मला बोर नको वाटतं भाऊ. दगडाच्या पोटात काय असतं ते आपल्याला काय माहीत."

"तू सारी जिंदगी दगडात काढली आन आता दगडाला भ्यायला काय झालं?"

चाचा त्यावर हसले. मामा मात्र मागंच लागले. रोज तेच बोलणं. शेवटी चाचांच्या मुलानं वसमतहून गाडी ठरवली, आणि दिवाळीनंतर, ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती तेव्हा, बोरची गाडी आमच्या वाटेनं हलत डुलत आली. पुढं मोठा मनोरा आडवा टाकलेला ट्रक आणि मागं हवेचं यंत्र असलेला दुसरा. गाडीवरची माणसं तमिळ होती. त्यांचा म्होरक्या मोडकं हिंदी बोलायचा.

बोरची जागा आमच्या विहिरीपासून फार लांब नव्हती. चाचांच्या रानाच्या वरच्या कोपऱ्यात मनोरा उभा राहिला. यंत्र सुरू झालं तसा पांढरा धुरळा उडायला लागला आणि सगळं गाव बांधावर येऊन बसलं. मामा आणि चाचा बाभळीखाली. चाची माझ्या घरून चहाचं पातेलं नेऊन सगळ्यांना देत होती. लग्नघरासारखीच तिची धावपळ चालली होती.

मी विहिरीवर होते. धुणं राहिलं होतं आणि ते यंत्र दिवसभर चालणार असं सगळे म्हणत होते, म्हणून मी हौदाशी बसले होते. लांबून हातोड्याचा आवाज येत होता, एका लयीत. मला त्याची सवय झाली होती. आणि एकदम माझ्या पायाखालून घरघर सुरू झाली.

किल्लारीचा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती. आमच्याकडं तेव्हाही भांडी वाजली तरी बायका अंगणात यायच्या. मला तेच वाटलं. मी उठले आणि विहिरीच्या कठड्याला हात लावला, तर कपारीतली पारवं सगळी एकदम फडफडत वर आली. खाली पाणी उकळत होतं. एका बाजूच्या भिंतीलगत मोठमोठे बुडबुडे फुटत होते, पाणी हात हातभर उसळत होतं, आणि बघता बघता ते दुधासारखं पांढरं झालं. बेडकं पायऱ्यांवर चढून आली.

मी ओरडत सुटले. "मामा, हीर उकळून राहिली! हीर उकळून राहिली!"

त्याच वेळी तिकडं यंत्राचा आवाज बदलला होता. बोरच्या तोंडातून येणारा धुरळा थांबला होता. मला मागाहून चाचांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं. लोखंडी नळ्यांच्या आतून हवा खाली सोडतात. ती हवा हातोड्यानं फुटलेली दगडाची भुकटी घेऊन नळ्यांच्या बाहेरून वर येते. पण मध्येच दगडाला मोठी चीर लागली की हवा वर यायच्या ऐवजी त्या चिरेतून पळून जाते. भुकटी वर येत नाही, खालीच बसते, आणि तशीच यंत्र चालवत राहिलं तर नळ्या त्या भुकटीत गच्च अडकतात. आमची हवा पळाली होती ती दगडाच्या चिरेतून आमच्याच विहिरीत.

सगळे विहिरीवर जमले. यंत्र थांबवलं तसे बुडबुडेही थांबले. पांढरं पाणी नुसतं हलत राहिलं. चाचा पायऱ्या उतरून खाली गेले. जिथून बुडबुडे येत होते तिथं त्यांनी पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसेच बसले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बंद करू," ते म्हणाले. "भाऊ, नळ्या काढू आन भोक बुजवू."

गाडीचा म्होरक्या म्हणाला, "मिट्टी डालो, गोबर डालो. दरार भर जाएगा, फिर नीचे जाएगा. पानी नीचे है."

"मला न्हाई पायजे खालचं पानी," चाचा म्हणाले.

मामांनी चाचांचा दंड धरला. "मिस्त्री, भोक तर पडलंच हाय. आता आर्धवट सोडून काय फायदा? चीर बुजंल, हवा थांबंल. थोडं खाली गेलं की लागंल तुला."

"तू हीर बघ आधी."

"हिरीला काय झालं? गढूळ झाली, उद्या निवळंल."

चाचांनी पुन्हा एकदा नको म्हटलं. मामांनी ऐकलं नाही. मी दोघांच्या मध्ये, ओल्या लुगड्यात उभी होते. मला आजही दोघांचे आवाज बराबर आठवतात.

मग सगळं गाव कामाला लागलं. चाची आणि मी, आणखी चार-पाच बायका, टोपल्या घेऊन पळत होतो. गोठ्यातलं शेण, तळ्यातली चिकण माती, तुरीचं कुटार, साळीचा कोंडा. ज्याच्या घरी जे होतं ते आलं. त्या एवढ्याशा भोकात आम्ही ते सगळं ओतत होतो. टोपलीमागून टोपली जायची आणि भोक तसंच उघडं. चाची म्हणाली, "या अल्ला, हिचं पोट किती मोठं!" बायका हसल्या. त्या दिवशीचं ते शेवटचं हसणं.

दुपार कलली तेव्हा भोक भरल्यासारखं झालं. पुन्हा यंत्र चालू केलं. धुरळा थोडा थोडा वर यायला लागला. विहिरीत मी पाहत होते, एखाद-दुसरा बुडबुडा येत होता, मग तोही थांबला. मामांनी लांबून मला हात केला, काय? मी हातानंच सांगितलं, थांबलं. त्यांनी चाचांच्या पाठीवर थाप मारली.

पुढं नळीवर नळी जोडत गेले. काळा दगड, मग लाल, मग पुन्हा काळा. पाण्याचा ओलावा नाही. उन्हं उतरत आली आणि हातोडा एकदम हातभर खाली निसटला. सगळं यंत्र हादरलं. धुरळा पुन्हा बंद झाला. आम्ही सगळे विहिरीकडं पळालो, पण विहिरीत या वेळी काहीच झालं नाही. हवा कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. म्होरक्यानं मान हलवली. "खाली जगह है नीचे. पानी नहीं." म्हणजे खाली दगडात पोकळी होती, पाणी नव्हतं. त्यांनी मोठ्या कष्टानं नळ्या उपसल्या, तोंडाशी लोखंडी नळी ठोकून दिली आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी पाळी आमची होती. माझे मालक इंजिन सुरू करायला गेले आणि लगेच परत आले. विहिरीचं पाणी पाच पायऱ्या खाली गेलं होतं. इंजिन लावलं नव्हतं, कुणी उपसलं नव्हतं.

मामा आणि मी गेलो तेव्हा चाचा आमच्या आधी उठून आलेले होते. पण ते विहिरीवर नव्हते. त्यांच्या रानात, त्या लोखंडी नळीपाशी पालथे पडून त्यांनी नळीला कान लावला होता. आम्हाला पाहूनही ते उठले नाहीत.

"काय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

चाचा बाजूला सरकले. मामांनी कान लावला. मग मला खूण केली. मीही गुडघ्यावर बसून कान लावला. आत, फार खोल, पाणी पडत होतं. रांजणात तांब्यानं पाणी ओतल्यावर येतो तसा आवाज, पण न थांबणारा. ते आमच्या विहिरीचं पाणी होतं. वरच्या चिरेतून बोरमध्ये येत होतं आणि बोरमधून खालच्या पोकळीत पडत होतं, जिथून ते कुणालाच काढता येणार नव्हतं.

मामा मातीत बसून राहिले. म्हणाले, "तू म्हणला व्हता. मीच ऐकलं न्हाई."

चाचा म्हणाले, "बोर माझ्या रानात हाय. माझंच म्हण."

"न्हाई, मी म्हणलो."

दोघं म्हातारे त्या सकाळी असे भांडत होते, चूक आपल्याकडं ओढून घेत.

पुढचे कितीतरी दिवस ते भोक बुजवण्यात गेले. चाचा दगड फोडून बारीक गोटे करायचे, मामा ते सोडायचे. मग चिकण मातीचे गोळे, मग सिमेंट. मध्येच कुठंतरी दगड अडकायचे, वरून बुजल्यासारखं वाटायचं, आणि कान लावला की खाली पाणी पडतच असायचं. आवाज कमी झाला, बारीक झाला, पण थांबला नाही. चाचा रोज सकाळी कान लावून यायचे आणि मामा कठड्यावरून विचारायचे. चाचा नुसती मान हलवायचे.

गावात गोष्ट दुसरीच पसरली. मिस्त्रीनं बोर घेतला आणि मामांची विहीर पिऊन टाकली. मामा सांगून थकले की बोर मीच घ्यायला लावला, चालू ठेव मीच म्हणलो. लोक ऐकून घ्यायचे आणि पुढच्या पारावर तीच जुनी गोष्ट सांगायचे. एकदा माझे दीर हौदाशी उभे राहून मोठ्यानं बोलले, "अर्धं दिलं तर पुरलं न्हाई, आता सारंच नेलं. या लोकायला हात दिला की..." पुढं ते बोलले नाहीत, कारण चाची गोधडी घेऊन बांधावर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तिथूनच मागं वळली. मी हाक मारली. "येते बेटा, कुकरमध्ये..." असं काहीतरी ती म्हणाली. तिच्या घरात कुकर नव्हता. त्यानंतर ती विहिरीवर आली नाही. हातपंपावर भेटली की माझ्या लेकरांची चौकशी करायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि घागर उचलून चालायला लागायची.

चाचांनी त्यानंतर आपली पाळी घेतली नाही. त्यांच्या दिवशी ते इंजिनपाशी फिरकलेच नाहीत. मामांनी मला पाठवलं.

"चाचा, आज तुमची पाळी. मामांनी सांगितलंय."

ते कुंपणाला काटे लावत होते. "भाऊला सांग, माझ्या रानात आता तूर हाय. तुरीला पानी लागत न्हाई."

मी आले आणि सांगितलं. मामा म्हणाले, "बरं. मग आज इंजिन बंद." माझ्या मालकांना वाटलं, आजच्या दिवसापुरतं म्हणतायत. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. चाचांच्या पाळीच्या दिवशी मामा इंजिनची हँडल घरी आणून आपल्या खाटेखाली ठेवायचे. विहिरीतलं उरलंसुरलं पाणी दिवसभर तसंच पडून राहायचं, आणि पडून तरी कुठं राहायचं, चिरेतून हळूहळू खाली जायचं. आमचा गहू पिवळा पडला होता.

माझे मालक एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, "मामा..." ते वडलांना आमच्यासारखंच मामा म्हणायचे. "ते घेत न्हाईत, तुमी आमाला घेऊ देत न्हाई. पानी वाया चाललंय. कोणासाठी हे?"

मामा म्हणाले, "त्याची पाळी हाय. तो घेईल न्हाई तर न घेईल."

पावसाळ्यात विहीर भरली. पोळ्यापर्यंत ती चांगली वर आली तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं, चीर बुजली. चाचाही येऊन डोकावून गेले. मामांनी त्यांना तंबाखू दिली. कितीतरी दिवसांनी दोघं कठड्यावर बसले. पण दसऱ्याला पाणी पायऱ्या सोडायला लागलं आणि दिवाळीला तळ दिसला. पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. हिंगोली जिल्हा नवीन झाला होता, लोक नव्या जिल्ह्याच्या गोष्टी करायचे, आणि आमच्या घरात मात्र रोज संध्याकाळी किती पायऱ्या उघड्या पडल्या एवढंच बोलणं असायचं.

मामा एका हिवाळ्यात गेले. आधी खोकला, मग ताप. औंढ्याच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. शेवटच्या दिवसांत चाचा येऊन खाटेजवळ बसायचे. मामांना तंबाखू बंद होती, तरी चाचा मळायचे आणि हातातच ठेवायचे. नंतर झटकून टाकायचे.

गेले त्या सकाळी अंगणात गर्दी झाली. आंघोळ घालायला हातपंपाचं पाणी आणून ठेवलं होतं. चाचा आले, ते पाणी त्यांनी पाहिलं आणि आमच्याच उतरंडीवरची कळशी उचलून बाहेर पडले. मला कळलं ते कुठं चालले. मी मागोमाग गेले. विहीर तेव्हा तळाशी होती. भिंतीच्या मुळाशी वाटीभर पाणी झिरपत होतं. चाचा त्या वयात एकेक पायरी बसून उतरले. खाली खड्ड्यात ओणवं होऊन त्यांनी ओंजळीनं कळशी भरली. किती वेळ लागला! मी वरून म्हटलं, "चाचा, मी येऊ?" त्यांनी नुसता हात हलवला. वर आले तेव्हा त्यांना दम लागला होता. गुडघे मातीनं भरले होते.

अंगणात दारातच माझे दीर उभे होते. चाचा त्यांच्यासमोर थांबले. दिरांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात पुढं करून कळशी घेतली. मामांना शेवटचं पाणी त्याच कळशीचं पडलं. चाचा पुरुषांबरोबर मसणवट्यात गेले. परत आल्यावर आमच्या ओट्यावर थोडा वेळ टेकले आणि मग घरी गेले.

तेरावं झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी पाळी चाचांची होती. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि मळ्याकडून इंजिनचा आवाज आला. माझ्या मालकांनी खाटेखालची हँडल नेली होती. मी भाकरी तव्यावर टाकायची विसरले. ते घरी आल्यावर मी काही विचारलं नाही, तरी तेच बोलले. "तळाशी साचलेलं वायाच जाऊन राहिलं व्हतं. हरभऱ्याचे दोन वाफे भिजले." यात खोटं काहीच नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं.

चाचा चाची त्याच उन्हाळ्यात वसमतला मुलाकडं राहायला गेले. जायच्या आधी चाची घरी आली. ओट्यावर बसून चहा प्याली. "पोरगा म्हणतो, आता तिथं काय करून राहिले दोघं? हितंच या." ती स्वयंपाकघराकडं बघत होती. चुलीवर डाळ होती. तिनं विचारलं, "हातपंपाच्या पाण्यात शिजती का गं?" मी म्हटलं, "लई वेळ लागतो चाची." ती उठली. तिला उशीर झाला होता, बाहेर चाचा डोक्यावर गाठोडं घेऊन उभे होते. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घराकडं एकदा पाहिलं आणि दोघं बसच्या वाटेला लागले.

रान त्यांनी बटईनं, निम्म्या वाट्यावर, कसायला दिलं, पुढं विकलं. ते आमच्याच दिरांनी घेतलं. बोरची ती लोखंडी नळी नांगराला लागायची, म्हणून त्यांनी ती कापून वर माती लोटली.

बऱ्याच वर्षांनी मला औंढ्याच्या बस स्टँडवर चाची दिसली. केस सगळे पांढरे, पाठ वाकलेली. तिनंच मला ओळखलं. आम्ही बाकावर बसलो. मी चाचांची तब्येत विचारली.

"तो तर गेला बेटा. मागच्या थंडीत."

मी म्हटलं, "चाची, आम्हाला कळवलं पण न्हाई?"

"कोणाला कळवू?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं, तो तर आधीच निघून गेला."

तिची बस लागली. मी तिला हात देऊन चढवलं.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं. सकाळी ते म्हणाले, "आपण जाऊन येऊ."

पेरण्या उरकल्यावर आम्ही दोघं वसमतला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. एका गल्लीत दोन खोल्या होत्या, मुलगा ट्रकवर गेला होता, सून आत भांडी घासत होती. चाचीनं माझ्या मालकांना आत घेऊन खाटेवर बसवलं. ते तिच्या समोर लहान मुलासारखे अंग आकसून बसले.

"चाचांना लई तकलीफ झाली का?" त्यांनी विचारलं.

"तकलीफ काय. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हता. मलाच म्हणायचा, तू कोन? घरी जायचं म्हणायचा. मी म्हणायची, हेच घर. तर म्हणायचा, हे न्हाई."

माझे मालक म्हणाले, "चाची, मामा गेल्यावर मी..." आणि ते मान खाली घालून रडायला लागले. मी त्यांना मामांच्या मौतीलाही असं रडताना पाहिलं नव्हतं. चाची उठली, तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "बस कर बेटा. तू पोरगंच होता तेव्हा. चल, भजे खा, सुनेनं गरम केलेत."

आम्ही भजी खाल्ली. चाचीनं माझ्या लेकरांची, गावातल्या एकेका बाईची विचारपूस केली. कोण आहे, कोण गेलं. निघताना ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. शिरड शहापूर आलं, बस थांबली, लोक उतरले, तेव्हा हे एकदम म्हणाले, "चाचांना कुठं पुरलं ते इचारायचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी जाऊ तेव्हा विचारू."

पुढच्या वर्षी चाचीही गेल्याचं कळलं. तेही एका भंगारवाल्याकडून, महिना होऊन गेल्यावर.